स्टीअर की कालवड? टेक्सासच्या स्टॉक शोमध्ये मूल उतरवण्याआधी

दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दरवर्षी एखादी तरी आई मला बाजूला घेते. मुलाने शाळेत ॲगचा, म्हणजे शेतीचा, विषय घेतलेला असतो, मास्तरांनी फॉर्म दिलेला असतो आणि मुलाने घरी जाहीर केलेलं असतं की मला स्टीअर पाळायचाय. विचारताना बाईंचा आवाज आपोआप खाली येतो. पुढे ताट धरून उभ्या असलेल्या काकूंच्या कानावर जायला नको. स्टॉक शो म्हणजे जनावरांचं प्रदर्शन, त्यातला हा ‘बीफ शो’ आहे आणि शेवटी त्या जनावराचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी मिरजेकडची. आता आम्ही ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. थोरल्या मुलीने एक वर्ष स्टीअर केला, पुढे तीन वर्षं कालवड. धाकट्याने एकही जनावर पाळलं नाही, चार वर्षं दुसऱ्यांच्या जनावरांना नावं ठेवली, आणि कपाटात ट्रॉफ्या त्याच्याच जास्त आहेत. रांगेत पुरं न होणारं उत्तर म्हणून हे लिहितेय. नियम टेक्सासचे धरले आहेत. आयोवा किंवा ओक्लाहोमात असाल तर तारखा आणि केसांचे नियम तेवढे तिथले बघा.

आधी शब्द नीट करून घेऊ. स्टीअर म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला गोऱ्हा, मांसासाठी वाढवलेला. हेफर म्हणजे आपली कालवड, अजून न व्यालेली. ती पैदाशीच्या वर्गात उतरते. मूल फोर-एच या मुलांच्या संघटनेतून जातं (तिसरीपासून १८ वर्षांपर्यंत) किंवा शाळेतल्या एफएफएमधून. एफएफए ही शेती शिकणाऱ्या मुलांची, निळ्या कॉर्डरॉय जॅकेटवाली संघटना १९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झाली. दोन्हीकडची मुलं एकाच रिंगणात येतात. त्याखेरीज आणखी दोन स्पर्धा आहेत ज्यांच्याबद्दल आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. एक शोमनशिप, म्हणजे जनावर सोडून ते धरणाऱ्या मुलाची परीक्षा. दुसरी लाइव्हस्टॉक जजिंग, म्हणजे मुलानेच परीक्षक व्हायचं.

रिंगणात गुणपत्रिका नसते

आपल्या डोक्यात स्पर्धा म्हटलं की तक्ता येतो: पायांना २०, पाठीला ३०, एकूण १००. मुख्य रिंगणात असं काही नसतं. परीक्षक एकटा असतो. वर्गातली दहाबारा जनावरं घड्याळाच्या दिशेने फिरतात, मग ओळीत उभी राहतात. तो बाजूने बघतो, मागून बघतो, हात लावतो, पुन्हा चालवायला लावतो आणि एकेकाला बोटाने खुणावत क्रमाने काढून उभं करतो. मग माइक घेऊन पहिल्याला दुसऱ्याच्या वर का ठेवलं ते सगळ्यांदेखत सांगतो. तेवढीच गुणपत्रिका. त्याचा शब्द अखेरचा.

यात एक गोष्ट नव्या पालकांना हमखास चकवते. प्रत्येक वर्गातले पहिले चॅम्पियनपदासाठी एकत्र येतात. त्यातला एक चॅम्पियन ठरला की त्याच्या वर्गातल्या दुसऱ्याला आत बोलावतात, आणि तो बाकीच्या वर्गांतल्या पहिल्यांसोबत रिझर्व्ह चॅम्पियन, म्हणजे उपविजेतेपदासाठी उभा राहतो. म्हणजे पोरगं दुसरं आलं म्हणून जनावर धुवायला नेऊ नका. आमच्या शेजारच्या दावणीचं एक कुटुंब असंच निघून गेलं होतं आणि लाउडस्पीकरवर त्यांचा नंबर तीनदा पुकारला गेला.

काउंटीच्या (आपला जिल्हा म्हणा) पातळीवर बऱ्याच ठिकाणी आधी निळी, लाल, पांढरी रिबन देतात. तिथे मुलाची तुलना एकमेकांशी नसते, ठरलेल्या दर्जाशी असते. वर्गात पाचजणांना निळी मिळू शकते. लहान मुलांसाठी ही पद्धत मला बरी वाटते. मोठ्या प्रदर्शनात मात्र क्रमच लागतो.

स्टीअर: शेवटचा दिवस आधीच ठरलेला

खरसुंडीच्या यात्रेत आमचे आण्णा खिलार खोंड कसा बघायचे ते मला लख्ख आठवतंय. आधी ओठ वर करून दात: आदत आहे की दुसा. मग शिंगांची ठेवण, वशिंड, चिमटीत धरलेली कातडी, खूर, शेपटीचा गोंडा. मग दहा पावलं चालवायचं. हे सगळं बघून ते मनात एकच हिशेब करत असायचे, हा औताला कसा चालेल.

इथला परीक्षकही पाठीवर हात ठेवतो, पण हिशेब वेगळा. शेवटच्या बरगड्यांवर तो बोटं सपाट टेकवून हलकेच दाबतो. बरगडी टोकदार लागली तर जनावर कच्चं. बोटं गादीत रुतावी तशी रुतली तर चरबी फाजील. बरगडी कळावी पण टोचू नये, असं हवं; आकड्यात सांगायचं तर सुमारे ०.४ इंच, म्हणजे एक सेंटीमीटर चरबी. मग मांड्या आणि कमरेचा स्नायू किती भरलाय, पाय सरळ पडतात का, आणि बाजूने पाहिल्यावर सगळं एकमेकांना शोभतंय का. स्टीअर विक्रीला येतो तेव्हा साधारण १२०० ते १४०० पौंडांचा, दीड वर्षाच्या आसपासचा असतो.

काही ठिकाणी हा अंदाज पुढे तपासून पाहतात. कार्कस काँटेस्टमध्ये कत्तलीनंतर धडाचं मोजमाप होतं, आणि तिथे निव्वळ गणित आहे. अमेरिकी कृषी खात्याचं यील्ड ग्रेडचं (धडातून मांस किती निघेल त्या दर्जाचं) सूत्र असं: २.५ पासून सुरुवात करायची. त्यात चरबीची जाडी इंचात गुणिले २.५, मूत्रपिंड, ओटीपोट आणि हृदयाभोवतीच्या चरबीचा टक्का गुणिले ०.२, आणि धडाचं वजन पौंडात गुणिले ०.००३८ मिळवायचं. शेवटी बाराव्या-तेराव्या बरगडीत कापल्यावर दिसणाऱ्या रिबआय स्नायूचं क्षेत्रफळ, चौरस इंचात, गुणिले ०.३२ वजा करायचं. समजा धड ८०० पौंड, चरबी ०.४ इंच, आतली चरबी २.५ टक्के, रिबआय १३.५ चौरस इंच. उत्तर येतं २.७२, म्हणजे यील्ड ग्रेड २. तीच चरबी ०.७ इंच झाली तर ३.४७, म्हणजे एक पायरी खाली. १ सर्वांत चांगला, ५ सर्वांत वाईट. त्याशिवाय मांसात विणलेली चरबी बघून प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा दर्जा ठरतो. गंमत अशी की एका ग्रेडला बाहेरची चरबी कमी हवी आणि दुसरीला आतली जास्त. आमच्या ह्यांनी हे सगळं एक्सेलमध्ये भरलं होतं. गोठ्यात जाऊन शेण मात्र मुलीनेच काढलं.

रेट ऑफ गेन (रोज किती वजन चढलं) ही तिसरी मोजणी, सर्वांत सोपी. पहिल्या वजनाला ६२० पौंड, शेवटी १२८०, मधले दिवस २२०: रोज ३ पौंड. ज्या काउंटीत ही स्पर्धा आहे तिथे नवख्या मुलाने ती जरूर लढवावी, कारण देखणा स्टीअर परवडला नाही तरी नेमाने खुराक घालणारं मूल इथे जिंकू शकतं.

आता नियम, कारण मोठ्या प्रदर्शनांत मुलं हरतात त्याआधी बाद होतात. जानेवारी ते मार्चमधल्या फोर्ट वर्थ, सॅन अँटोनियो किंवा ह्यूस्टनच्या शोला जायचं तर आदल्या जूनमध्येच स्टीअरच्या कानात राज्याचा टॅग बसतो आणि डीएनएसाठी केस उपटून पाकिटात जातात. जून हुकला की वर्ष हुकलं. ‘क्वालिटी काउंट्स’चं (जनावर जबाबदारीने पाळण्याचं) प्रशिक्षण मुलाने पुरं केलेलं असावं लागतं. ह्यूस्टन-सॅन अँटोनियोला स्टीअर भादरून न्यायचा, शेपटीचा गोंडा सोडून अंगावर पाव इंचापेक्षा लांब केस नकोत. केस फुलवून पाय जाड दाखवण्याची कला तिथे चालत नाही. औषधांचा काटेकोर हिशेब लागतो. १९९० च्या दशकात क्लेनब्युटेरॉल देऊन जनावरं फुगवल्याची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हापासून विजेत्यांच्या चाचण्या कडक झाल्या. साधं प्रतिजैविक दिलं तरी त्याचा अंश शरीरातून जाईपर्यंतचे दिवस मोजायचे.

आणि एक नियम असा की आपल्या घरांत तो ऐकून सगळे खूश होतात. टेक्सासात १९८४ पासून ‘नो पास, नो प्ले’ कायदा आहे. एखाद्या विषयात मुलाचे ७० च्या खाली गुण गेले तर फुटबॉलच काय, स्टॉक शोसुद्धा बंद. वर्षभर वाढवलेला स्टीअर बीजगणितामुळे गोठ्यातच राहिलेला मी पाहिलाय.

आमचं काय झालं ते सांगते. मुलीसाठी ब्रँगस म्हणून गोऱ्हा घेतला. ब्रँगस म्हणजे तीन अष्टमांश ब्राह्मण (वशिंडवाल्या जनावरांची जात), पाच अष्टमांश अँगस. स्टीअरला कागद चालत नाही. प्रदर्शनात वर्गीकरणाची समिती नुसत्या डोळ्यांनी जात ठरवते. एका मोठ्या शोला समितीने आमच्या गोऱ्ह्याभोवती दोन चकरा मारल्या. वशिंडाला उठाव नाही, गळ्याखालची पोळी अपुरी, पोटाखालची कातडी घट्ट. क्रॉसब्रेडमध्ये, म्हणजे मिश्र जातींच्या वर्गात टाकला. तिथे गर्दी सर्वांत मोठी आणि जनावरं सर्वांत महागडी. मुलगी वर्गात शेवटून तिसरी आली, वरच्या क्रमांकांच्या लिलावाला लागली नाही. स्टीअर घरी परत आला, पण १३५० पौंडांचा स्टीअर घरी ठेवून करायचं काय? तीन दिवसांनी ट्रक आला. ड्रायव्हरने हॉल्टर (म्होरकी) राहू द्या म्हटलं, तिने नाही म्हटलं, स्वतः सोडून घेतलं आणि गुंडाळून हातात धरून उभी राहिली. रडली नाही. रात्री जेवलीही नाही.

लिलावाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. २०२२ साली ह्यूस्टनचा ग्रँड चॅम्पियन स्टीअर १० लाख डॉलरला गेला. एवढी रक्कम मुलाच्या हाती येत नाही, त्यातला ठरलेला हिस्सा त्याला मिळतो आणि उरलेला शिष्यवृत्त्यांच्या निधीत जातो. काउंटीच्या लिलावात गावातलेच दुकानदार मुलांकडे बघून चार पैसे जास्त बोलतात. त्या पैशावर कॉलेजची फी भरलेली मुलं माझ्या माहितीत आहेत. पण लिलावाला लागणं हेच मुळात बक्षीस असतं, आणि विकला गेलेला स्टीअर परत मिळत नाही.

कालवड: कागद जास्त, निरोप नाही

ब्राह्मण जातीची कालवड घेऊया असं मी सुचवलं तेव्हा मुलीला वाटलं, नावासाठी म्हणतेय. खरं कारण वेगळं होतं. अमेरिकन ब्राह्मण ही जात भारतातून आलेल्या जनावरांतून घडली: गुजरात (म्हणजे कांकरेज), नेल्लोर, गीर आणि कृष्णा व्हॅली. चौथं नाव वाचून मी थबकले. कृष्णाकाठ म्हणजे माझं माहेर. १९२४ साली ह्यूस्टनमध्ये या जातीची पैदासकार संघटना स्थापन झाली. त्या रिंगणात वशिंड डुलवत करड्या रंगाच्या कालवडी येतात तेव्हा अर्ध्या माणदेशाची आठवण होते, फक्त कान खिलारपेक्षा बरेच लोंबते. आमच्या कालवडीचं नाव चिमणी. वजन ९०० पौंड.

कालवडीचे वर्ग जन्मतारखेवर पडतात, स्टीअरचे वजनावर. हा फरक खरेदी करतानाच डोक्यात ठेवायचा. स्टीअर दोन आठवडे आधी जड झाला की वरच्या वर्गात जातो, खुराक मागेपुढे करून थोडंफार सावरता येतं. कालवडीची तारीख हलत नाही. त्यामुळे वर्गाच्या कालखंडात जी आधी जन्मली ती मोठी दिसते, आणि जाणती मंडळी विकत घेताना जन्मतारीख आधी विचारतात, किंमत नंतर.

परीक्षक इथे गाय शोधत असतो. चालताना मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतो का, घोटा ताठ आहे की लवचिक, बरगड्या खोल आणि फाकलेल्या आहेत का (वासरू आणि वैरण दोन्हींना पोटात जागा हवी), मान लांब आणि बाईपणाची आहे का, कास आणि सड जागच्या जागी आहेत का. काही प्रदर्शनांत परीक्षकाच्या हातात ईपीडीचे आकडे देतात: हिची वासरं जन्मताना किती जड असतील, दूध किती, वर्षाला वाढ किती, याचे वंशावळीवरून काढलेले अंदाज. माझं मत विचाराल तर मुलांनी हे आकडे वाचायला शिकावंच. परीक्षक बघो न बघो.

कागदांचा जाच इथे खरा आहे. नोंदणी मुलाच्या एकट्याच्या नावावर हवी, बाबांच्या किंवा फार्मच्या नावावर चालत नाही, आणि तीही मुदतीआधी. बहुतेक जातींत कानातला टॅटू, ब्राह्मणात अंगावरचा डाग कागदाशी ताडून बघतात. एक आकडा जुळला नाही तरी प्रवेश बाद. वय वाढत गेलं की काही ठिकाणी गाभण असल्याचा दाखला मागतात. उलट केसांना इथे मोकळीक जास्त. अँगस-हेरफर्डवाल्या मुली रोज दोनदा धुऊन, ब्लोअरने उलटे विंचरून केस वाढवतात. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये त्यासाठी काही लोक गोठ्याला कूलर लावतात, आणि मला ते बघून कानकोंडं होतं. ब्राह्मणाला हे काही लागत नाही. आखूड केस, सैल कातडी, ऊन सोसते.

खाऊ घालणंही वेगळं. स्टीअरला पौंडभर वाढायला ६-७ पौंड खाद्य लागतं, म्हणजे ७०० पौंड चढवायला दोन टनांहून जास्त. कालवडीला तसं भरलं तर कासेत चरबी साठते आणि पुढे दूध कमी उतरतं. तिला वाळका चारा जास्त, खुराक बेताचा. तरी रिंगणात गुटगुटीत कालवडी वर जाताना दिसतात, ही या खेळातली जुनी विसंगती आहे. परीक्षकही बोलून दाखवतात आणि पुन्हा तेच करतात.

लिलावाचा मोठा चेक कालवडीला नसतो. बक्षिसाची रक्कम थोडी, मान मोठा. पैसे पुढे येतात, वासरातून. गाभण काळ साधारण नऊ-साडेनऊ महिन्यांचा.

शोमनशिप

स्टीअर घ्या की कालवड, याचा फॉर्म भरायला विसरू नका. परीक्षक इथे जनावराकडे बघतच नाही, मुलाकडे बघतो. चालवताना मूल जनावराच्या डाव्या बाजूला, हॉल्टर उजव्या हातात. थांबलं की हॉल्टर डाव्या हातात घ्यायचं, शो स्टिक उजव्या. तिच्या टोकाने खुरांना टोचून पाय जागेवर ठेवायचे, परीक्षकाच्या बाजूचा मागचा पाय किंचित मागे, आणि मग पोटाखाली हळूहळू खाजवत जनावर शांत ठेवायचं. नजर सतत परीक्षकावर. तो कधी मुलांना जनावरं बदलायला लावतो, कधी विचारतो, तुझ्या कालवडीच्या कानातला नंबर काय, खुराकात प्रथिनं किती. वर्ग मुलाच्या वयावर असतात. स्वस्तातलं, वाकड्या पायाचं जनावर घेऊन आलेलं मूल इथे बक्षिसाचं पट्ट्याचं बक्कल जिंकून जातं; माझी मुलगी स्टीअरच्या त्या पडक्या वर्षी इथेच चौथी आली होती.

जजिंग: जनावर न पाळता

आता धाकट्याची वाट. सबडिव्हिजनमध्ये (घरांच्या वसाहतीत) राहता, शाळेच्या बार्नला, म्हणजे गोठ्याला, जागा नाही, घरात कत्तलीचा विषय नको, आणि मुलाला बोलायची हौस आहे? मग हीच.

चार जनावरं उभी करतात, नंबर १ ते ४. मुलाने बघून क्रम लावायचा. अधिकृत क्रम आणि त्यातल्या प्रत्येक जोडीतलं अंतर, ज्याला ‘कट’ म्हणतात, परीक्षकांनी आधीच ठरवलेलं असतं. पूर्ण बरोबर ५० गुण. समजा अधिकृत क्रम ३-१-४-२ आणि कट २, ५, ३. म्हणजे ३ आणि १ जवळपास सारखे, १ आणि ४ मध्ये मोठी दरी. मुलाने १-३-४-२ लावलं तर फक्त २ गुण गेले, ४८. मधली जोडी उलटी केली, ३-४-१-२, तर ५ गेले, ४५. सगळंच उलटं लावलं तर दूरच्या जोड्यांचेही कट बेरजेने जातात: २, ५, ३, ७, ८ आणि १०, एकूण ३५, हाती १५. पद्धत न्यायी आहे. बारीक फरकावर चुकलं तर बारीक शिक्षा, ढळढळीत फरक दिसला नाही तर मोठी.

त्यानंतर ओरल रीझन्स, आणखी ५०. बंद खोलीत परीक्षकासमोर उभं राहून दोन मिनिटांत सांगायचं की मी असा क्रम का लावला. हातात कागद नसलेला बरा. आणि नुसतं ‘छान आहे’ चालत नाही. ‘चारपेक्षा एकची कंबर रुंद, पण चाल एकची जास्त आखडलेली, हे मी मान्य करतो’ असं दुसऱ्याचंही श्रेय देत बोलायचं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा मारलेल्या आपल्या पिढीला हे लगेच उमगतं. मी धाकट्याला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं करायची आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बोलायला लावायची. ज्याचं बोलणं त्या गोंगाटात अडलं नाही त्याचं पुढे कुठेच अडत नाही. फोर-एचची राष्ट्रीय फेरी नोव्हेंबरमध्ये लुईव्हिलला असते, आणि चांगल्या जजिंग टीम असलेली कॉलेजं अशा मुलांना शिष्यवृत्ती देऊन घेतात.

खर्च म्हणाल तर बूट, शर्ट, प्रवास. उणीव एकच: मूल जनावराला ओळखतं, पण पहाटे पाचला आजारी जनावराशेजारी बसलेलं नसतं.

मग कोणाला काय

शेवटी जनावराचं काय होणार हे मुलाला पहिल्या दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगता येत असेल तर स्टीअर. आईवडिलांनी सांगून नाही. आपल्या घरांत यावर एकमत नसतं, एकाच घरात आजी एका टोकाला आणि जावई दुसऱ्या टोकाला, आणि ते आधी जेवणाच्या टेबलावर होऊन जाऊ दे. गावाकडे फोनवर काय सांगायचं तेही ठरवा. आम्ही पहिल्या वर्षी आण्णांना ‘बैल पाळलाय’ असं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, ‘जोडी का नाही?’ त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

स्टीअरची जमेची बाजू ही की तो संपतो. नऊ-दहा महिने राबायचं, मार्चमध्ये गोठा रिकामा, एप्रिलमध्ये मूल परीक्षेला मोकळं. जागेचा प्रश्न शाळेच्या बार्नमध्ये भाड्याच्या दावणीने सुटतो. जिद्दी, पैशाचा हिशेब समजणाऱ्या आणि मन घट्ट असलेल्या मुलाला तो शोभतो. एक बजावते: पहिल्या वर्षी अमेरिकन जातींच्या (ब्राह्मण आणि ब्रँगससारख्या तिच्या मिश्र जाती) वर्गात शिरू नका, क्रॉसब्रेडमध्येही महाग जनावर घेऊ नका. हेरफर्डसारखी जात घ्या, जिच्याबद्दल वर्गीकरणात फारसा वाद होत नाही: लाल अंग, पांढरं तोंड.

कालवड माझ्या मते बहुतेक मराठी घरांना जास्त मानवते. निरोपाचा दिवस नाही, वंशावळ आहे, गाय घरी येते, आजी व्हिडिओ कॉलवर हळदीकुंकू लावायला सांगते. पण तिच्यात एक मेख आहे आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती. कालवड मुलाबरोबर कॉलेजला जात नाही. थोरली अकरावीत असताना चिमणी पहिल्यांदा व्याली, बारावीत मुलीने तिला वासरासकट रिंगणात नेलं, ऑगस्टमध्ये मुलगी सामान भरून गेली. वासरं आता दोन आहेत, तिसरं फेब्रुवारीत. घराच्या आसपास जागा नसल्याने दावण भाड्याची, आणि सकाळी सहाला गवताची पेंढी फोडायला मी जाते. विकायची म्हटलं की फोनवर दोन मिनिटं शांतता.

म्हणून रांगेतल्या त्या आईला मी आता स्टीअर की कालवड हे नंतर सांगते, आधी विचारते: पोरगं कितवीत आहे? सातवी-आठवीत असेल तर कालवड बघा, चार वर्षं पुरी मिळतील. अकरावीत असेल तर स्टीअर किंवा सरळ जजिंगची टीम. आणि स्टीअरच ठरला तर मास्तरांना मेच्या आत गाठा, टॅगची तारीख जूनमध्येच असते.